नव्या पैशांच्या मागे साडेपाच वर्षे

रविवार, ८ डिसेंबर २०२४ रोजी माझ्या कागदावरची शेवटची रिकामी चौकट भरली. १९५७ ते १९६३ या काळातल्या ‘नवे पैसे’ या जुन्या नाण्यांची मालिका पूर्ण करायला मला साडेपाच वर्षे लागली. त्याआधीच्या दीड वर्षात मी संग्रह करत होते की घरात नुसता साठा वाढवत होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. या छंदात नव्याने पडलेल्या पुष्कळांची गाडी नेमकी त्याच टप्प्यावर रुतते असे मी पाहिले आहे, म्हणून माझे काय काय झाले ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

जानेवारी २०१८ मध्ये साताऱ्यातले आमचे घर रंगवायला काढले, तेव्हा माळ्यावरून सासूबाईंचा दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा खाली आला. त्यात ३४० नाणी होती. भोकाचा पैसा, चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे आणि नखाएवढे, काळे पडलेले, गोल एक नवा पैसा. सासूबाईंनी त्यातला एक उचलला आणि १९५७ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पण लोकांच्या तोंडी आणेच राहिले. एका आण्याचे हिशोबाने सव्वासहा नवे पैसे होतात आणि पाव पैसा कोणी देऊ शकत नाही, म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा कोष्टकाचा हिशोब चाले. “आमची आई मला चार आण्यांचं सामान एकदम आणू द्यायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आण्या-आण्याचं चार वेळा आणायला लावायची. चार वेळा सहा म्हणजे चोवीस, एक नवा पैसा वाचायचा.”

ही गोष्ट ऐकून मी थेट नव्या पैशांकडे वळायला हवे होते. तसे झाले नाही. पुढच्या चौदा महिन्यांत मी समोर येईल ते घेतले. व्हिक्टोरिया राणीचे तीन रुपये, पाच शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), १९९९ साली निघालेली छत्रपती शिवाजी महाराजांची दोन रुपयांची दहा नाणी, किलोवर विकली जाणारी परदेशी नाणी, एवढेच नव्हे तर क्रमांकात ७८६ असलेल्या नोटासुद्धा. मी पतसंस्थेत हिशोबनीस असल्यामुळे खर्चाची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवली होती. तिच्यातली बेरीज मार्च २०१९ अखेर १८,४०० रुपये झाली. त्याआधीच्या दिवाळीत मी आणखी एक पराक्रम केला. डब्यातले नऊ काळे नवे पैसे मी चिंच आणि मीठ लावून देवाच्या भांड्यांबरोबर घासले. ते लख्ख निघाले, पण त्यांचा रंग कच्च्या, गुलाबी तांब्यासारखा झाला, आणि नाण्यावरची साठ वर्षांची झिलई गेली ती गेलीच. नाणे कितीही मळकट दिसले तरी घासू नये, हा या छंदातला पहिला नियम मला अशा रीतीने समजला. त्या नऊ नाण्यांतले एक मी जपून ठेवले, आणि त्याचा पुढे उपयोग झाला.

२ जून २०१९ रोजी मी पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनाला गेले. एका टेबलाशी पांढऱ्या केसांचे एक संग्राहक बसले होते. मी बराच वेळ इकडचे तिकडचे विचारल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न केला : “ताई, तुमचा विषय कोणता?” मी म्हणाले, “सगळंच.” त्यांनी मान डोलावली आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागले. त्यांच्या त्या मान डोलावण्यात कुत्सितपणा नव्हता, पण परतीच्या एसटीत खंबाटकी घाट चढेपर्यंत मी त्याच प्रश्नाचा विचार करत होते.

त्या आठवड्यात मी नव्या पैशांची मालिका निवडली आणि ती का निवडली हेही वहीत लिहिले. ती माझ्या खिशाला झेपणारी होती. तिला सुरुवात आणि शेवट होता. १९५७ मध्ये ती सुरू झाली आणि जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्दच वगळला गेला. शिवाय ती आमच्या घरातल्याच डब्यातून निघाली होती. मालिकेत एक, दोन, पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास नवे पैसे अशी सहा मूल्ये आहेत, त्यांपैकी पन्नासचे नाणे १९६० पासूनचे. मी ठरवले की सर्व मूल्यांचे प्रत्येक वर्षाचे एक नाणे मिळवायचे, आणि एका नव्या पैशापुरते टांकसाळीनुसारही मिळवायचे. आलेखाच्या कागदावर पन्नासहून थोड्या अधिक चौकटी आखल्या आणि वर शाईने लिहिले, “चौकट रिकामी असेल तरच पाकीट उघडायचे.” सासूबाईंच्या डब्यातून त्याच रात्री सतरा चौकटी भरल्या, तेव्हा उरलेले काम वर्षभराचे आहे असे मला वाटले होते.

या मालिकेविषयी ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगते. पंचवीस आणि पन्नास नव्या पैशांची नाणी शुद्ध निकेलची असल्यामुळे लोहचुंबकाला चिकटतात. दोन, पाच आणि दहाची नाणी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची असल्यामुळे चिकटत नाहीत. पाकिटात बटणाएवढे चुंबक ठेवले की बाजारात अर्धी शंका जागेवरच फिटते. दुसरी गोष्ट टांकसाळीच्या खुणेची. ती सालाच्या खाली असते. मुंबईची खूण म्हणजे बारीक चौकट, पत्त्यांतल्या चौकटीसारखी. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. हैदराबादची खूण तारा, असे मी कुठेतरी वाचले होते आणि तेवढ्यावरच विसंबून राहिले. ती चूक मला नंतर महागात पडली.

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही नाशिकला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा मी वेळ काढून त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीला, १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था पाहून आले. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय पाहिले. ते सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवून जावे. अंजनेरीहून निघताना मला एक प्रकारची सुटका वाटली. सातवाहनांपासूनची नाणी सांभाळायला जाणती माणसे आहेत, तो भार माझ्या लोखंडी कपाटावर नाही, ही जाणीव इतकी हलकी करणारी होती की त्यानंतर शिवराई समोर आली तरी माझा हात पूर्वीसारखा शिवशिवत नसे. अगदीच शिवशिवत नसे असे म्हणणे मात्र खोटे ठरेल.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एसटी बंद, जुना बाजार बंद, प्रदर्शने बंद. घरी बसून दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन मी भरलेल्या चौकटी पुन्हा तपासायला घेतल्या. हे भिंग मी ६५० रुपयांना घेतले होते आणि तोवर फारसे वापरलेही नव्हते. मे महिन्यातल्या एका दुपारी, खिडकीतल्या उजेडात, मुंबईचा म्हणून नोंदवलेला एक नवा पैसा मी तिरका धरला आणि सालाखालच्या चौकटीला मधोमध चीर दिसली. आधी मला तो ओरखडा वाटला. दुसऱ्या नाण्यावरही तशीच, तितकीच नेमकी चीर होती. ओरखडा दोन नाण्यांवर एकाच जागी येत नाही. नाण्यांचा कॅटलॉग पुन्हा नीट वाचल्यावर कळले की हैदराबादचा तारा नंतरचा. या मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथली खूण म्हणजे चिरलेली चौकट. माझ्याकडच्या मुंबईच्या म्हणून लिहिलेल्या पाच नाण्यांपैकी तीन हैदराबादची निघाली. त्यामुळे कागदावरच्या तीन चौकटी भरल्या आणि त्याच वेळी तीन रिकाम्या झाल्या. झिजलेल्या नाण्यावर ही चीर मुळीच दिसत नाही, म्हणून सालाखालचा भाग स्वच्छ उठलेला नसेल तर एका नव्या पैशाचे नाणे टांकसाळीसाठी म्हणून घेऊ नये, असे मी तेव्हापासून ठरवले.

त्याच तपासणीत दुसरे नुकसान समोर आले. स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवलेल्या सहा नाण्यांवर हिरवट, चिकट थर आला होता. हे अशा पाकिटांतल्या पीव्हीसी प्लॅस्टिकमुळे होते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अधिकच वेगाने होते. न चोळता नुसते शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, उघड्या खिडकीपाशी वाळवून चार नाणी वाचली; दोन गेली. त्यानंतर पुठ्ठ्याची, पारदर्शक पडदा असलेली चौकोनी पाकिटे आणली. शंभर पाकिटांना मी तेव्हा २८० रुपये दिले. कपाटात सिलिका जेलच्या पुड्याही ठेवल्या, आणि त्या दर जूनमध्ये बदलते.

ऑगस्ट २०२१ मध्ये मला एक फोन आला. तुमच्या जुन्या नाण्याला चार लाख रुपये मिळतील, फक्त नोंदणीचे २,१०० रुपये आधी भरा, आम्ही रिझर्व्ह बँकेतर्फे बोलतो आहोत, असे सांगणारा तो आवाज अतिशय आदबशीर होता. योगायोगाने त्याच महिन्याच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेने असे व्यवहार आपण करत नाही आणि त्यासाठी कोणालाही शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही, असे पत्रक काढले होते आणि मी ते वाचले होते. मी फोन ठेवला, पण मन विचलित व्हायचे ते झालेच. आठवडाभर मी चौकटींऐवजी किमती पाहत बसले. त्या आठवड्याची नोंद वहीत “वाया” अशी आहे.

२०२२ हे वर्ष कागदपत्रांचे गेले. बाजारातून मिळेनाशा झालेल्या नाण्यांसाठी मी एका लिलाव संस्थेत नाव नोंदवायचे ठरवले. अर्ज, पॅन कार्ड, आधार कार्डाची स्वसाक्षांकित प्रत आणि रद्द केलेला धनादेश एवढे मागितले होते. पॅन कार्डावरची माझी सही लग्नाआधीच्या नावाची असल्यामुळे अर्ज परत आला, मग प्रतिज्ञापत्र जोडले, आणि नोंदणी व्हायला एकंदर एकोणीस दिवस लागले. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी हे आधीच करून ठेवावे. मी बोली लावली ती चौदा नव्या पैशांच्या एका गटावर. त्यातली मला हवी होती ती फक्त चार नाणी, म्हणजे माझाच नियम मी मोडत होते. पण त्या चारांत १९६२ चा पितळी एक नवा पैसा होता. एक नवा पैसा आधी कांस्याचा होता, १९६२ मध्ये तो निकेल-पितळेचाही निघू लागला, त्यामुळे हे एकच साल दोन धातूंत सापडते, आणि त्यातले पितळी नाणे मला तीन वर्षे कुठे मिळत नव्हते. १,२०० रुपयांना बोली माझ्या नावावर थांबली. त्यावर संस्थेचे शुल्क, त्यावर कर आणि पाठवणावळ मिळून हातात आलेला आकडा १,५९० होता. बोली लावण्याआधी हा शेवटचा आकडा काढून बघावा आणि त्या आकड्याला आपण नाणे घेतले असते का, हे स्वतःला विचारावे.

पाकीट नऊ दिवसांनी आले ते एका कोपऱ्यात फाटलेले. आत बारा नाणी. गेलेल्या दोहोंत १९६२ चा तो पितळी पैसा होता. पाठवणाऱ्याने नाणी पुठ्ठ्याला न चिकटवता सुटी टाकली होती, प्रवासात त्यांनी कागद कापला, आणि ती वाटेत कुठेतरी पडली. कुरिअर कंपनीकडे तक्रार क्रमांक, पाकिटाची छायाचित्रे, तीन ई-मेल आणि तेवीस दिवस, एवढे झाल्यावर शंभर रुपये भरपाई मिळाली, कारण पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तेवढीच मर्यादा छापलेली होती. पाकीट घेताना ते फाटलेले दिसले तर सही करण्यापूर्वीच छायाचित्र काढावे. त्या दिवशी मी रडले नाही, पण कागद घडी घालून वहीत ठेवला आणि अडीच महिने उघडला नाही.

तो उघडला तो पैशांच्या गरजेने. घरात मुलाच्या प्रवेशाचा खर्च आला, आणि कपाटातले विषयाबाहेरचे जे काही होते ते काढायचे ठरले. यजमान म्हणाले, “चौकटींचं राहू दे, बाकीचं बघ.” व्हिक्टोरियाचे रुपये विकताना दुबईतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी चांगली किंमत देऊ केली होती, पण शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे ते मी पुण्यातल्या एका परवानाधारक व्यापाऱ्याला कमी किमतीत दिले आणि पावती घेतली. शिवराया मात्र विकल्या नाहीत, गावातल्या शाळेच्या इतिहास कक्षाला दिल्या. सगळे मिळून ११,७०० रुपये परत आले. कपाटाचा तो खण रिकामा झाला तेव्हा इतके दिवस मी रोज कशाकडे पाहून थकत होते ते मला कळले. मग कागद उघडला. सात चौकटी रिकाम्या होत्या.

२०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले, आणि माझ्या पुण्याच्या खेपा वाढल्या. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मला रविवारच जमे. पहाटे निघून दहाच्या आत पोहोचले तर विक्रेत्याची गोणी नुकतीच उघडलेली असते आणि त्याला बोलायला वेळ असतो. पहिल्या काही खेपांना “कोणासाठी घेताय ताई, मुलासाठी का?” असे विचारत. वर्षभरानंतर एक मामा मला पाहिले की स्वतःच काळ्या नाण्यांची पिशवी पुढे सरकवू लागले. मी कागदाची छोटी प्रत हातात धरून बसत असे, आणि ती दाखवायला लाजत नसे, कारण काय हवे ते विक्रेत्याला माहीत असले की तो पुढच्या वेळी बाजूला काढून ठेवतो. किंमत वाढेल ही भीती या स्वस्त मालिकेत तरी मला खरी ठरलेली दिसली नाही. सातांपैकी सहा चौकटी अशाच भरल्या, कोणतीही ८० रुपयांच्या वर गेली नाही.

राहिला तो पितळी. मे २०२४ मध्ये एका विक्रेत्याने टपालाने १९६२ चा ‘पितळी’ पैसा ९०० रुपयांना पाठवला. छायाचित्रात तो पिवळा दिसत होता. हातात आल्यावर मी तो खिडकीत तीन नाण्यांच्या मध्ये ठेवला. एका बाजूला १९६१ चा कांस्याचा पैसा, दुसऱ्या बाजूला १९६३ चा निकेल-पितळेचा, आणि तिसरे, दिवाळीत मी चिंच लावून घासलेले ते गुलाबी नाणे. नवे आलेले नाणे त्या तिसऱ्याचे जुळे भावंड शोभले असते. अक्षरांच्या खोबणीत, ‘रुपये का सौवाँ भाग’ या ओळीतल्या ‘सौ’च्या मात्रेपाशी, घासताना राहिलेला काळपट तपकिरी रंग तसाच होता. वजनाने किंवा आकाराने हा फरक ओळखता येत नाही, डोळ्यांनीच ओळखावा लागतो, आणि त्यासाठी शेजारी खात्रीचे नाणे असावे लागते. नाणे परत पाठवले, पैसे अकरा दिवसांनी आले, पाठवणावळ मात्र माझी गेली.

८ डिसेंबरला मामांच्या पिशवीत १९६३ ची सात-आठ नाणी एकत्र चिकटलेली होती, तेलकट धुळीने. त्यांच्यात एक १९६२ होते. रंग मळकट पिवळा, सगळ्या अंगाने सारखा, खोबणीतही तोच. मी ते १९६३ च्या शेजारी तळहातावर ठेवून पाच मिनिटे उन्हात उभी होते. मामांनी वीस रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही.

घरी आल्यावर ते पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून सासूबाईंना दाखवले. आता त्या ऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना भिंगातूनही फारसे दिसत नाही. त्यांनी पाकीट बोटांनी चाचपले आणि विचारले, “एवढ्या एका पैशासाठी मी चार वेळा दुकानात जायची. तू किती वेळा पुण्याला गेलीस गं?” मी वही उघडली. नाण्यांचा खर्च ९,२६० रुपये, प्रवासाचा बारा हजारांच्या आसपास.

“एकतीस वेळा, आई.”